देवाला सांगितलं, तुला नाही

सुमनताई,

आज रविवार. नऊला पाच मिनिटं कमी असताना मी चर्चचं दार उघडलं, घंटेचे तीन टोल दिले आणि पहिल्या बाकावर माझ्या जागी जाऊन बसले. आज पाळी तुझी होती. पुढे उभं राहून शास्त्र वाचायचं तू, प्रार्थना करायची तू, आणि मी बसून आमेन म्हणायचं. साडेनऊ झाले तरी मी बसलेलीच. मग ध्यानात आलं की आपण कोणाची तरी वाट बघतोय, आणि स्वतःचाच राग आला. परवा शुक्रवारी तुला मातीत ठेवलं तेव्हा मी तिथेच उभी होते. मूठभर माती माझ्याही हातची पडली. तरी आज वाट बघत बसले.

आठ बाक आहेत आपल्या चर्चला. मी या गावात नर्स म्हणून बदलून आले तेव्हा ते भरायचे, आणि नाताळला तर बायका जमिनीवर चटया टाकून बसायच्या. मग कोणी पनवेलला गेलं, कोणी पुण्याला, कोणी देवाघरी. माझे हेही गेले. शेवटची सात-आठ वर्षं आपण दोघीच उरलो होतो. पाळकसाहेब महिन्यातून एकदा माणगावहून मोटारसायकलवर यायचे, बाकीचे रविवार आपले. एका रविवारी तू पुढे नि मी बाकावर, पुढच्या रविवारी मी पुढे नि तू बाकावर. बोर्लीच्या बाजारात एकाने मला विचारलं होतं, "बाई, दोघींसाठी घंटा कशाला वाजवता?" मी ते तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "दोघं-तिघं जमली का तो येतोच, वचनात हाय. मग त्याला घंटा नको का?"

त्या एका वचनावर आपलं चर्च चाललं. दोघींपैकी एकीला ताप आला तरी दुसरीचा विचार करून उठायचं, कारण एक कमी झाली की बाकी काही उरत नाही. आता मी एकटी. एकटीबद्दल तिथे काही लिहिलेलं नाही, मी दोनदा काढून बघितलं. तू लगेच म्हणाली असतीस, "खोलीत जा, दार लाव, तिथंबी तो हाय." ठाऊक आहे मला. पण दार लावून बसायचं मला कोणी शिकवायला नको. यांच्यामागे मी रोज संध्याकाळी तेच करत आले आहे.

तुझं सगळंच वचनात असायचं. मुंगसाने कोंबडी नेली तर "चिमणीचीबी खबर असती त्याला." मी म्हणायचे, "चिमणीचं लिहिलंय ताई, कोंबडीचं नाही." तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून तू वचनाची चिठ्ठी चिकटवली होतीस, उद्याची काळजी करू नये अशा अर्थाची, आणि डबा रिकामा झाला की वाटी घेऊन माझ्याकडे यायचीस. माझा विश्वास वेगळ्या घडणीचा. वेळेवर घंटा, इस्त्री केलेलं टेबलावरचं कापड, वाचायच्या भागात शनिवारीच खूण घातलेली. देवाचं काम व्यवस्थित व्हावं असं मला वाटायचं आणि अजूनही वाटतं. तू हसायचीस मला. म्हणायचीस, "इस्तेर, तू सर्गात गेलीस तरी आदी रजिष्टर बघशील." तेव्हा आपलं बरं चाललं होतं.

मग ते जूनमधलं वादळ आलं. सुपाऱ्या झोपल्या, माड मोडले, घरांची छपरं उडाली आणि चर्चचंही उडालं. पावसाळा सरत आला तेव्हा कुठे आपल्या मंडळींकडून छपरासाठी चोवीस पत्रे टेम्पोने आले. ते उतरवून घेतले आपण दोघींनी मिळून. मी आठ दिवस पनवेलला बहिणीकडे गेले, आणि परत येऊन बघते तर चर्चच्या अंगणात एकही पत्रा नाही. तू ते बौद्धवाडीतल्या तीन घरांना देऊन टाकले होतेस. कांताबाईच्या घरावर चढलेसुद्धा होते.

आपण चर्चच्या पायरीवर भांडलो. तू म्हणालीस, "कांताची नात तापानं फणफणली व्हती, वरून गळत व्हतं. आपुन बसतो रविवारचा एक तास. त्यांनी रातदिस भिजायचं?" तुझं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा राग पत्र्यांचा नव्हताच. आपण दोघीच उरलेलो, आणि त्या दोघींपैकी एकीला तू विचारलंसुद्धा नाहीस, याचा होता. ते नीट सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. त्याऐवजी मी जे बोलले ते असं: "स्वतःचं घर राखता आलं नाही, आणि देवाचं घर वाटायला निघालीस."

तुझा सुधीर बापाशी भांडून पुण्याला गेला तो बापाच्या मातीलाही आला नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण कोणी तुझ्यासमोर ते तोंडातून काढलं नव्हतं. मी काढलं. तू पदर खोचलास, पायरी उतरलीस आणि घरी गेलीस. पाच वर्षांचा अबोला तिथे सुरू झाला.

पण चर्च सुटलं नाही. पुढच्या रविवारी नऊ वाजता मी आले, तूही आलीस, आणि उघड्या भिंतींवर ताणलेल्या निळ्या ताडपत्रीखाली आपण उपासना केली. जय ख्रिस्त म्हणायची वेळ आली तेव्हा तू ते समोरच्या भिंतीला म्हणालीस. मीही भिंतीलाच परत केलं. पुढच्या उन्हाळ्यात दुसरे पत्रे आले, छप्पर झालं, अबोला तसाच. पाळकसाहेबांनी दोनदा समेटाचा विषय काढून पाहिला. तू "व्हय" म्हणालीस, मीही हो म्हटलं, आणि ते मोटारसायकलला किक मारून गेल्यावर आपण आपापल्या घरी गेलो.

आज आठवून हसू येतं, आपण शास्त्रातून कशा भांडायचो. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, तो भाग तू पहिल्याच महिन्यात वाचलास, माझ्याकडे न बघता, अगदी सावकाश. मी पुढच्या रविवारी मंदिर कसं बांधलं त्याचा अख्खा अध्याय वाचला. लांबी, रुंदी, उंची, गंधसरूची लाकडं, एकही माप सोडलं नाही. मग तू त्या थोरल्या भावाची गोष्ट काढलीस, जो रागाने मेजवानीला घरात येत नाही. मी दोन बहिणींची काढली, एक राबते आणि एक नुसती बसते ती. आणि ऐकणारी प्रत्येक वेळी म्हणायची, आमेन. दोन वर्षांत आपण इतकं शास्त्र वाचलं की त्याआधी वीस वर्षांत वाचलं नसेल. पाळकसाहेब खूश होते आपल्या वाचनावर.

नंतर तेही थंडावलं, आणि उरल्या त्या प्रार्थना. मला खरं बोलायचंय ते त्यांच्याबद्दल. पुढे उभी राहणारीने आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी, गावासाठी मोठ्याने प्रार्थना करायची ही आपली रीत. त्या प्रार्थनेतूनच मला तुझी खबर कळायची. "प्रभू, विहिरीची मोटार जळली हाय, तू बघ." घरी जाऊन मी वायरमनला फोन करायचे, नि दुपारी तो तुझ्या दारात. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी देवाला तारीख आणि वेळ सांगितली, आणि परत आले तर ओट्यावर झाकून ठेवलेलं जेवण. कोणी ठेवलं ते विचारायचं कारण नव्हतं. आंबट वरणाला ती चव गावात एकीच्याच हातची. आपण अशा पाच वर्षं बोललो ताई, त्याला मध्ये ठेवून. मला वाटायचं, बरं चाललंय. भांडणही राहिलं आणि शेजारही राहिला.

एक गोष्ट मात्र तू त्यालाही माझ्यासमोर सांगितली नाहीस. आधी दर रविवारी तू सुधीरचं नाव घ्यायचीस. त्या पायरीवरच्या वाक्यानंतर कधीच नाही. "जे लांब हायेत त्यांना सांभाळ," एवढंच म्हणायचीस आणि पुढच्या विषयाकडे जायचीस. दर वेळी त्या जागी मला ते वाक्य ऐकू यायचं, आणि मी माझं आमेन पुटपुटायचे.

या वर्षी पावसाळ्यात तू देवाला पाय सुजल्याचं सांगितलंस. मग, दोन उशा घेतल्याशिवाय आडवं होता येत नाही म्हणून सांगितलंस. छत्तीस वर्षं मी नर्स होते. दोन उशा म्हटल्यावर हृदय थकलंय हे मला कोणी सांगायला नको होतं. रक्तदाबाचं मशीन माझ्या कपाटात, तुझं घर दोन दारं सोडून. आणि मी काय केलं? पुढचा रविवार यायची वाट बघितली, पुढे उभी राहिले आणि प्रार्थना केली: "हे प्रभू, ज्यांचे पाय सुजतात त्यांना दुखणं अंगावर न काढता दवाखान्यात जायची बुद्धी दे. मीठ कमी करायचीही दे." तू ठणठणीत आवाजात म्हणालीस, "आमेन." आणि तुझ्या पाळीला तू त्याला उत्तर दिलंस, "प्रभू, दवाखाना लांब हाय आन् तू जवळ हायस." मला बाकावर हसू आलं, आणि मग संताप आला. पण मी उठले नाही. देवाच्या कानावर घातलंय, आता तो बघेल, असं स्वतःला म्हटलं. माझ्यासारखी व्यवस्थेची बाई, आणि माझं काम मी त्याच्यावर ढकलून मोकळी झाले.

गणपती उठले त्या आठवड्यात मी ठरवलं की पुरे झालं. शनिवारी मशीन काढलं, सेल बदलले, पिशवीत घातलं. रविवारी उपासना झाली की तसंच तुझ्याबरोबर तुझ्या घरी चालत जायचं. पण त्याआधी मला ते वाक्य परत घ्यायचं होतं. तोंडाने घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून पुन्हा प्रार्थनेतच घातलं. पाळी माझी होती. मी म्हटलं, "प्रभू, सुधीरला सांभाळ. त्याला त्याच्या आईकडे घरी आण." नाव मोठ्याने घेतलं, स्पष्ट घेतलं, आणि थांबले.

तू आमेन म्हटलं नाहीस.

मी वाट बघितली. बाहेर रिक्षा गेली, कावळा ओरडला. डोळे उघडून बघायचं नाही अशी आपल्यात शिस्त, आणि मी ती मोडली नाही. शेवटी मीच प्रभूची प्रार्थना सुरू केली, शेवटचं गीत मी एकटीने म्हटलं, आणि वळून बघते तर तू पदर तोंडाला लावून दारातून बाहेर पडत होतीस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी मी वाकले, आणि तुला एक आमेन देववेना? माझ्या तोंडून त्याचं नावही तुला विटाळ वाटतं? घरी येऊन मी मशीन पिशवीतून काढलं आणि कपाटात परत ठेवलं. त्यानंतरचे आठ-नऊ रविवार आपण फक्त पुस्तकात छापलेल्या प्रार्थना वाचल्या.

गुरुवारी सकाळी कांताबाई धावत आली. "शिस्टर, चला लवकर, सुमनबाय उठत न्हाय." तू मागच्या पडवीत खुर्चीत बसलेली, पुढ्यात निवडायला घेतलेली वालाची सुपली. मी तुझं मनगट धरलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तुझा हात माझ्या हातात आला, तो नाडी बघायला, आणि नाडी नव्हती. तरी मी बराच वेळ धरून बसले. कांताबाईला वाटलं अजून आशा आहे. तिला तसं वाटू दिलं मी, कारण हात सोडायचा नव्हता.

तुझी पेटी बौद्धवाडीतल्या माणसांनी उचलली. खड्डाही त्यांनीच खणला. आपल्या मंडळीतले म्हणावे तर मी आणि पाळकसाहेब. सुधीर पुण्याहून पोचेपर्यंत झाकण लावायचं थांबवलं होतं. केस पांढरे झालेत त्याचे, तुझ्यासारखाच खांदा पाडून चालतो. माती झाल्यावर पाळकसाहेब मला हळूच म्हणाले, "सिस्टर, आता तुम्ही माणगावलाच येत जा. एकटीने इथे कशाला?" मी बघते म्हटलं.

काल दुपारी सुधीर माझ्याकडे आला. चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला. मग विचारलं, "मावशी, आई माझ्यावर रागावलेलीच गेली का?"

मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार? आम्ही पाच वर्षं बोलत नव्हतो." आणि त्याला ते वाक्य सांगितलं. पुरं सांगितलं, एक शब्द न गाळता. ते त्याच्याचबद्दल होतं, त्याला कळायला हवं होतं.

तो म्हणाला, "हे तिनं मला नाही सांगितलं."

"कधी सांगणार होती? तू तर..."

"फोन आला होता तिचा. गणपती गेल्यावर, एका रविवारी दुपारी. बारा वर्षांत पहिल्यांदा. इतकी रडत होती की मला वाटलं कोणी गेलं. म्हणाली, इस्तेरनं आज चर्चमधी तुझं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. आता तू घरी ये." त्याने कपात बघितलं. "मी म्हटलं, नाताळला येतो."

तो गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिले. भांडी घासायची होती, तशीच राहिली. तुझा इतका राग आला मला, ताई. रडत होतीस म्हणून आमेन निघालं नाही, एवढं मला कोणी सांगायला हवं होतं, आणि ते तूच सांगू शकत होतीस. पुण्याला फोन लावलास, नंबर कुठून मिळवलास देव जाणे. माझं घर दोन दारं सोडून होतं. पण हे मी कुठल्या तोंडाने म्हणतेय? तुझंही घर तेवढ्याच अंतरावर होतं, आणि चालायला त्रास माझ्या पायांना नव्हता. तू त्या आठ-नऊ रविवारी माझ्यासमोर बसत होतीस, मनात माझं चांगलं धरून, आणि मी छापील प्रार्थना वाचून दाखवत होते.

माणगावला मी जाणार नाही. पुढच्या रविवारी घंटा वाजवीन, पुढे उभी राहीन, सुधीरचं नाव घेईन. दोघं-तिघं नसताना तो येतो की नाही ते त्याचं त्याने बघावं.

तुझ्यासाठी मात्र तिथे काही मागता येणार नाही. गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची आपल्यात रीत नाही, आणि ते तुझ्या नवऱ्याच्या वेळी मीच तुला ठासून सांगितलं होतं. म्हणजे तुझ्याबद्दल आता देवाशी बोलायची सोयही राहिली नाही. बरंच झालं. पाच वर्षं आपण त्यालाच मध्ये घातलं, त्याने तरी किती निरोप पोचवायचे. आज त्याला बाजूला ठेवून तुलाच सांगते.

मी चुकले, ताई. ते वाक्य मी बोलायला नको होतं. आणि मशीन घेऊन यायला हवं होतं. तू देवाला काय सांगतेस ते ऐकायचीही मला गरज नव्हती. तुझी धाप मला बाकावरून ऐकू येत होती.